‘साभार’ लिहिलं होतं, तरी नोटीस आली

पत्राचा गोषवारा : एक निवृत्त शिक्षिका चार वर्षांपासून यूट्यूबवर मराठी कथा-कवितांचं अभिवाचन करतात. त्यातून त्यांना एक रुपयाही मिळत नाही. प्रत्येक व्हिडिओखाली त्या लेखकाचं नाव आणि ‘साभार’ हा शब्द न चुकता लिहितात. त्यांनी निवडलेली बरीच पुस्तकं आज दुकानात मिळत नाहीत. श्रोत्यांमध्ये सहा-सात अंध व्यक्ती आहेत आणि नवीन कथेची वाट त्याच सर्वांत जास्त पाहतात. गेल्या महिन्यात एका प्रकाशकाची ई-मेलवर नोटीस आली : तीन कथा सात दिवसांत काढा आणि नुकसानभरपाई द्या, नाहीतर फौजदारी कारवाई करू. त्याच सुमारास दुसऱ्या एका चॅनेलने बाईंची काही अभिवाचनं जशीच्या तशी उचलली आणि ‘रोज पहाटे एक कविता’ ही त्यांची कल्पनाही घेतली. त्या विचारतात : “मी साहित्याची सेवा केली तर चोर ठरते, आणि ज्याने खरोखर उचललं तो मोकळा. चॅनेल बंदच करून टाकू का?”

ताई,

चॅनेल बंद करू नका. त्या तीन कथा मात्र आजच ‘प्रायव्हेट’ करा आणि मग पुढचं सावकाश वाचा.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. श्रेय दिलं की झालं. पैसे घेतले नाहीत की झालं. आणि पुस्तक बाजारात नसेल तर ते आता कोणाचंच नाही. अभिवाचन करणारे, कविता पुढे पाठवणारे, दिवाळी अंकातली कथा टाइप करून ग्रुपवर टाकणारे असंख्य लोक याच तीन समजुतींवर चालतात. त्यामागे वाईट हेतू नसतो, पण तिन्ही समजुती चुकीच्या आहेत.

‘साभार’पासून सुरुवात करू. आभार मानायचे ते कोणी काही दिलं तर. इथे कोणी दिलेलं नाही, आपण घेतलेलं आहे. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि तो लेखकाला दोन वेगवेगळ्या प्रकारचे हक्क देतो. एक, कलम ५७ मधला : लेखनावर माझं नाव हवं, आणि माझ्या लेखनाची माझ्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड नको. दुसरा, कलम १४ मधला : प्रती काढणं, लोकांसमोर सादर करणं, लोकांपर्यंत प्रसारित करणं, भाषांतर, रूपांतर आणि लेखनाचं ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट करणं हे सगळं मी किंवा माझ्या परवानगीने दुसऱ्याने करावं. तुमच्या ‘साभार’ने पहिल्या हक्काचा मान राखला गेला. दुसरा हक्क तसाच राहिला. कथा वाचून ध्वनिमुद्रित केली ही एक कृती आणि ती यूट्यूबवर ठेवली ही दुसरी. दोन्हींसाठी परवानगी लागते.

पैसे न घेण्याचा मुद्दा अगदीच निरुपयोगी नाही. भरपाई किती आणि शिक्षा किती हे ठरताना तो तुमच्या बाजूने बोलतो. पण परवानगी लागते की नाही, हे त्यावरून ठरत नाही. पुस्तकाची आवृत्ती संपणं म्हणजे प्रती संपणं, हक्क संपणं नव्हे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर झालेल्या हस्तांतरणाच्या करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल आणि प्रकाशकाने मिळालेला हक्क वर्षभर वापरलाच नाही, तर तो हक्क प्रकाशकाकडून जातो. जातो तो लेखकाकडे. वाचकाच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आता तुमच्या मनातला खरा सल. तीस-पस्तीस वर्षं वर्गात कथा वाचून दाखवल्या तेव्हा कोणी अडवलं नाही, मग आता काय बदललं? बदलली ती जागा. कलम ५२ मध्ये अपवादांची लांबलचक यादी आहे आणि शिक्षकाला तिच्यात मोठी मोकळीक आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थी उतारे, अगदी अख्खी कविताही उतरवून घेऊ शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातल्या अभ्यास-संचांच्या झेरॉक्सबाबत हाच अपवाद उदारपणे वाचला. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक आणि मुलांनी नाटुकलं बसवलं आणि पाहायला शाळेचीच माणसं व पालक असले, तर तेही चालतं. वर्गात कायदा तुमच्या बाजूने होता. वर्गाचं दार उघडून तीच कथा साऱ्या जगाला ऐकवली की तो अपवाद मागे राहतो.

सभागृहातही बरीच मोकळीक आहे आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. प्रकाशित साहित्यातला माफक उतारा लोकांसमोर वाचायला परवानगी लागत नाही. एखादा हौशी गट बिनतिकीट श्रोत्यांसमोर अख्खी कथा वाचतो, तेही चालतं. म्हणून वाचनालयातल्या तुमच्या विनामूल्य कार्यक्रमांबद्दल धास्ती नको. अडचण सुरू होते ती कोणीतरी समोर मोबाइल लावून तोच कार्यक्रम फेसबुकवर थेट दाखवायला लागतो तेव्हा. सवलत त्या दालनातल्या सादरीकरणाला आहे. ध्वनिमुद्रण आणि ऑनलाइन प्रसारणाचा तिच्यात उल्लेख नाही.

चॅनेलवर काय वाचता येईल? भरपूर, आणि इथेच कायद्याची मर्यादा तुमच्या उपयोगाची आहे. लेखकाचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या तारखेपासून मोजत नाहीत, पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९९२ च्या दुरुस्तीआधी ही मुदत ५० वर्षांची होती, त्यामुळे जुन्या पुस्तिकांमध्ये तो आकडा दिसला तर गोंधळू नका. हिशेब सोपा आहे : मृत्यूच्या सालात ६१ मिळवा, त्या सालच्या १ जानेवारीपासून लेखन खुलं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून खुले. मर्ढेकर १९५६ मध्ये, म्हणजे २०१७ पासून. बालकवी, केशवसुत कधीचेच खुले आहेत. याउलट आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०३० उजाडावं लागेल. गदिमांसाठी २०३८ आणि कुसुमाग्रजांसाठी २०६०. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर शेवटी गेलेल्या लेखकापासून मोजायचं.

एक खाचखळगा लक्षात ठेवा. लेखकाच्या मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि संग्रह आला १९५२ मध्ये. म्हणून त्या कविता २०१२ ऐवजी २०१३ पासून खुल्या झाल्या. इथे फरक एकाच वर्षाचा पडला. एखाद्या लेखकाची अप्रकाशित डायरी मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी छापली गेली असेल, तर फरक चाळीस वर्षांचा पडेल.

खुल्या लेखनातही कोणतं पुस्तक हातात धरता हे बघा. ज्ञानेश्वरी सर्वांची आहे, पण तिचा हयात अभ्यासकाने केलेला आजच्या मराठीतला अनुवाद त्या अभ्यासकाचा आहे. जात्यावरच्या ओव्या कोणा एकीच्या नाहीत, पण त्यांच्या संग्रहातली प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या आहेत. रशियन लेखकाला जाऊन शंभर वर्षं झाली असतील, तरी मराठी अनुवादक १९९० मध्ये वारला असेल तर थांबावं लागतं. व्हिडिओच्या सुरुवातीला तुम्ही मुखपृष्ठाचा फोटो लावता. त्या चित्राचा हक्क चित्रकाराचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा. साधी पाटी करून त्यावर कथेचं आणि लेखकाचं नाव लिहा, एवढ्याने काम होतं. पार्श्वसंगीताचंही तेच. राग जुना असतो, पण वाजवलेली ध्वनिफीत नवी असते आणि तिची मुदत प्रकाशनापासून ६० वर्षांची असते. आणि ‘कवी अज्ञात’ असं लिहून फिरणारी कविता वाचूच नका. तिथे कवी अज्ञात नसतो, पुढे पाठवणाऱ्याने नाव गाळलेलं असतं.

मुदत न संपलेल्या लेखकांकडे पाठच फिरवायची का? तर नाही, त्यांचं रसग्रहण करा. टीका किंवा परीक्षणासाठी केलेला वाजवी वापर कायद्याला मान्य आहे, आणि तुमच्यासारख्या मराठी शिकवलेल्या व्यक्तीला ते सहज जमेल. वाजवी म्हणजे किती? चार ओळी, तीस सेकंद, दहा टक्के असे आकडे सर्रास सांगितले जातात. भारतीय कायद्यात असा कोणताही आकडा नाही. चार ओळींचा नियम चारोळीला लावून पाहा : अख्खी कविताच गेली. न्यायालय पाहतं ते असं की, घेतलेला भाग तुमच्या बोलण्याला आधार म्हणून आला आहे की तुमचं बोलणं त्या भागाला निमित्त म्हणून. वीस मिनिटांत अठरा मिनिटं कथा आणि शेवटी ‘किती सुंदर, नाही!’ हे रसग्रहण झालं नाही. कथेतलं एक वाक्य वाचून त्यातला निवेदक विश्वासार्ह का वाटत नाही हे पाच मिनिटं उलगडलंत, मग दुसरं वाक्य घेतलंत, तर ते खरं रसग्रहण. मात्र अख्खी कथा स्वतःच्या शब्दांत प्रसंगामागून प्रसंग सांगत गेलात तर सांभाळा. संक्षेप करणं हाही रूपांतराचाच प्रकार आहे.

आता दुसरं चॅनेल. तुमची कल्पना त्यांनी घेतली याला इलाज नाही, आणि तो नाही हे बरंच आहे. ‘रोज पहाटे एक कविता’ ही कल्पना आहे. कायदा कल्पनेला कुंपण घालत नाही, तिच्या मांडणीला घालतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे ठामपणे सांगितलं. नाटककाराचं म्हणणं होतं की आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला. विषय दोन्हीकडे प्रांतीय अभिमानाचा होता, पण मांडणी इतकी वेगळी की पाहणाऱ्याला ती नक्कल वाटली नसती. नाटककार हरला. हीच मर्यादा नसती तर आंधळ्या प्रेमावर एकाने लिहिलं की दुसऱ्याला लिहिता आलं नसतं. शीर्षकं, नावं, बातम्यांतली तथ्यं यांवरही कॉपीराइट नसतो.

तुमचा आवाज असलेली फीत जशीच्या तशी उचलली, ही बाब मात्र वेगळी आहे. इथे एक तरतूद आहे आणि ती तुम्हाला खुपणार आहे. कलम १३(३) सांगतं की साहित्यकृतीचा हक्क मोडून केलेल्या ध्वनिमुद्रणाला स्वतःचा कॉपीराइट मिळतच नाही. चित्रफितीचा मोठा भाग तसा असेल तर तिलाही नाही. म्हणजे परवानगीशिवाय वाचलेल्या कथांच्या फिती कोणी चोरल्या, तर निर्माती म्हणून तुमचा हक्क उभा राहत नाही. वाचणारी कलाकार म्हणून वेगळा हक्क आहे, त्याची मुदत ५० वर्षांची. पण स्वतःचा पाया कच्चा असताना त्यावर भांडायला जाऊ नये. खुल्या साहित्याच्या तुमच्या फिती मात्र पूर्णपणे तुमच्या आहेत. तक्रार फक्त त्यांच्याबद्दल करा, आणि प्रत्येकीसाठी मूळ दुवा, चोरलेल्या फितीचा दुवा आणि प्रसिद्धीची तारीख द्या. आपल्याकडच्या नियमांनुसार लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ संकेतस्थळाने, म्हणजे यूट्यूबसारख्या इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या स्थळाने, ३६ तासांत तो मजकूर रोखायचा असतो. २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर ते तो पुन्हा खुला करू शकतात. यूट्यूबची स्वतःची तक्रारपद्धत याहून वेगळी चालते आणि बहुतेक वेळा तीच पुरते. मूळ फाइल संगणकावर जपून ठेवा, कारण तयार केल्याची तारीख तीच सांगते. नोंदणी सक्तीची नाही. लेखन कागदावर उतरलं किंवा आवाज मुद्रित झाला की हक्क जन्मतो; नोंदणी वादात पुरावा म्हणून कामाला येते.

नोटिशीकडे वळू. तुरुंगाचा उल्लेख वाचून तुमची झोप उडाली, हे पत्रातून कळतं. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे हे खरं. पण तो गुन्हा ‘जाणूनबुजून’ हक्क मोडण्याचा आहे, आणि धंद्यातल्या नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. नोटीस मिळेपर्यंत तुम्हाला कल्पना नव्हती, हे म्हणता येतं. नोटिशीनंतरही कथा तशाच ठेवल्या तर ते म्हणता येत नाही. म्हणून वर ‘आजच’ म्हटलं. दुसरं कारण असं की प्रकाशकाने अजून यूट्यूबकडे तक्रार केलेली दिसत नाही. तिथे ९० दिवसांत तीन ताकिदी (‘स्ट्राइक’) साचल्या की चॅनेल बंद होऊ शकतं, आणि ताकीद आल्यावर व्हिडिओ पुसला तरी ती जात नाही.

उत्तर मात्र द्या. गप्प बसणं आणि चार पानी भावनिक पत्र लिहिणं, दोन्ही अंगाशी येतात. एवढं पुरे :

“आपली अमुक तारखेची ई-मेल मिळाली. उल्लेख केलेल्या तीन फिती आज सार्वजनिक प्रसारणातून काढल्या आहेत. या कथांच्या ध्वनिमुद्रणाचे व ऑनलाइन प्रसारणाचे हक्क आपल्याकडे असल्याचे दाखवणारा कराराचा भाग कृपया पाठवावा. भरपाईची रक्कम कशाच्या आधारे काढली तेही कळवावे. हे पत्र म्हणजे कोणत्याही दाव्याची कबुली नव्हे.”

कराराचा भाग मागायचं कारण : पुस्तक छापायला दिलं म्हणजे सगळंच दिलं असं होत नाही. अनेक मराठी करार एका आवृत्तीपुरते असतात आणि बाकीचे हक्क लेखकाकडेच राहतात. घरी ते पुस्तक उघडा आणि शीर्षकपानाच्या मागची बाजू पाहा. आवृत्तीच्या तारखा, मुद्रक, मुखपृष्ठकार यांच्यामध्ये कॉपीराइटचं वर्तुळातलं चिन्ह असतं आणि पुढे नाव असतं, कधी लेखिकेचं, कधी वारसाचं, कधी प्रकाशनसंस्थेचं. तिथे लेखिकेचं नाव असेल तर पैशांच्या मागणीवर घाई करू नका. प्रकाशकाने कागद दाखवले आणि तरी रक्कम मोठी वाटली, तर पुढचा पत्रव्यवहार वकिलाकडून करा.

परवानगी मागायची ती त्या पानावरच्या नावाला. हयात लेखक बहुधा हो म्हणतात, फक्त विचारण्यात नेमकेपणा हवा. ‘तुमच्या कथा वाचू का?’ असं फोनवर विचारलं आणि त्यांनी ‘वाचा हो’ म्हटलं, तर दोन वर्षांनी दोघांनाही वेगवेगळं आठवतं. कायदा परवाना लेखी मागतो, ई-मेल चालते. त्यात कथेचं नाव, संग्रह, अख्खी की उतारा, कोणतं चॅनेल, किती वर्षांसाठी, काटछाट करणार का, आणि उत्पन्न सुरू झालं तर काय करायचं, हे सगळं असू द्या. उदाहरणार्थ : “‘अमुक’ ही कथा संपूर्ण, काटछाट न करता वाचून तिची फीत तीन वर्षांसाठी माझ्या यूट्यूब चॅनेलवर ठेवण्याची परवानगी मिळावी. हीच परवानगी आपण इतरांनाही देऊ शकता. सध्या उत्पन्न नाही; झाल्यास आधी आपल्याला कळवून वेगळं ठरवू.” लेखक हयात नसतील तर वारस किती आहेत ते विचारा. हक्क सगळ्यांचा मिळून असतो, एका मुलाने हो म्हटल्याने मुलीचं हो होत नाही. उत्तर आलंच नाही तर त्याचा अर्थ नकार असाच धरा.

शेवटी तुमचे ते सहा-सात श्रोते. त्यांच्यासाठी कायद्याने २०१२ मध्ये वेगळं दार ठेवलं आहे. अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देणं, आणि त्यांच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी ते पोहोचवणं, याला हक्कधारकाची परवानगी लागत नाही, लेखक हयात असला तरी. अट एवढीच की ते नफ्यासाठी नसावं आणि फीत त्यांच्यापुरतीच राहावी, बाजारात फिरू नये. सर्वांसाठी खुल्या यूट्यूबवर ही अट पाळता येत नाही. म्हणून त्या तीन कथांच्या फाइली पुसू नका. अंध वाचकांसाठी काम करणाऱ्या एखाद्या ना-नफा संस्थेच्या ध्वनिपुस्तक विभागाशी बोला; अशा संस्थांना स्वच्छ मराठी वाचणारे आवाज हवेच असतात. वाचताना पुस्तकाचं नाव, आवृत्ती आणि पानाचा आकडा अधूनमधून सांगत चला, म्हणजे ऐकणाऱ्याला मागे-पुढे जाता येतं. आणि त्या श्रोत्यांना आजच फोन करून सांगा की कथा थांबलेल्या नाहीत, दुसऱ्या वाटेने येतील.